फाईल परत कशी करणार, भाऊ?

"तुझं काय गेलं? फाईल तर तुझ्याकडंच आहे की!"

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच कळतं, गाडी कुठं चाललीय ते. बोलणारा दरवेळी वेगळा. ज्याला ऐकवलं जातं तो मात्र साधारण एकाच साच्यातला. आपल्याच तालुक्यातला पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा, नाहीतर घर सांभाळून चार पैसे मिळवणारी एखादी ताई. आणि विकलेली वस्तू म्हणजे मोबाईलवर जाणारी एक फाईल.

थोडं लांब लिहितोय, मंडळी. वेळ नसेल तर सेव्ह करून रात्री वाचा, पण अर्धं वाचून भांडायला येऊ नका.

आपल्याकडं 'डिजिटल प्रॉडक्ट' म्हटलं की लोकांना वाटतं बेंगळुरूचं काहीतरी असेल. तसं काही नाही. पोलीस भरतीच्या सराव प्रश्नपत्रिकांची पीडीएफ हे डिजिटल प्रॉडक्टच. वाढदिवसाच्या बॅनरची पीएसडी फाईल, जिच्यात फक्त फोटो आणि नाव बदलायचं, तीही. लग्नपत्रिकेचा व्हिडिओ, कटोरी ब्लाऊजच्या कटिंगचा नमुना, स्पोकन इंग्लिशचे रेकॉर्ड केलेले तास, शेळीपालनाचा प्रकल्प अहवाल, सगळं त्यातच आलं. स्टेटसला जाहिरात पडते, खाली क्यूआर कोड, पैसे आले की ड्राईव्हची लिंक नाहीतर टेलिग्रामवर फाईल. दुकानाला गाळा नको, पागडी नको, शटर नको. ९९, १४९, १९९, फार तर ४९९ रुपये. महिन्याला कुणाचे दोन हजार सुटतात, कुणाचे बारा. घरच्यांना अजूनही नीट सांगता येत नाही पोरगा काय करतो ते. "मोबाईलवर काहीतरी करतो," एवढंच.

आता मागण्या ऐका. यातली एकही मी रचलेली नाही. मी पत्रकार आहे म्हणून लोक माझ्याकडं येतात. कधी विकणारा येतो, पण जास्त वेळा घेणाराच. "साहेब, ऑनलाइन फसवणूक झालीय, बातमी लावा."

एकानं पोलीस भरतीच्या लेखीचा सराव संच घेतला. आता भरती करणाऱ्या पोरांना माहितीये, ५० मार्कांची मैदानी आधी असते आणि त्यातून निवडलेल्यांनाच १०० मार्कांची लेखी. हा गडी गोळाफेकीत आणि सोळाशे मीटरमध्ये मागं पडला, लेखीपर्यंत पोचलाच नाही. म्हणून संचाचे पैसे परत पाहिजेत. का? तर "वापरच झाला नाही." बरं, संच घेऊन चार महिने झालेले. त्यातल्या गणिताच्या दोन शंका त्यानं विकणाऱ्याला रात्री अकरा वाजता विचारलेल्या, आणि त्यानं सोडवूनही दिलेल्या.

दुसरा प्रकार बॅनरचा. कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसासाठी पीएसडी घेतली, फ्लेक्स छापला, चौकात लावला. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेनं विनापरवाना म्हणून उतरवला. डिझाईनवाल्याकडं अर्धे पैसे परत मागितले, कारण बॅनर एकच दिवस लागला. मी हसलो तर मागणाऱ्याला राग आला. त्याला त्यात गंमत काय आहे तेच कळेना.

तिसऱ्याचं मात्र हसण्यासारखं नाही. लग्नपत्रिकेचा व्हिडिओ तयार झाला, पाहुण्यांना गेला आणि आठवड्यानं लग्नच मोडलं. मुलीच्या काकांनी व्हिडिओवाल्याला फोन केला, "आता काय उपयोग त्याचा, पैसे परत कर." त्या पोरानं केलेसुद्धा. मी त्याला चूक म्हणणार नाही. पण तो परतावा नव्हता, तो आहेर होता. फरक लक्षात ठेवायला पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात तारीख पुढं ढकललेला माणूस येऊन तेच मागतो. आणि आलाच.

मूळ वाक्याकडं येतो. तुझं काय गेलं?

वरवर बघता बरोबर वाटतं. गव्हाचं पोतं विकलं तर दुकानातलं पोतं कमी होतं. फाईल विकली तर विकणाऱ्याकडं ती तशीच राहते. मग पैसे परत द्यायला त्याच्या जिवावर का यावं? पण हाच नियम उलट्या बाजूनं लावून बघा. गव्हाचं पोतं परत करताना ग्राहक पोतं परत आणतो. फाईल 'परत' करताना काय आणतो? "डिलीट केली बघा," म्हणून स्क्रीनशॉट पाठवतो. फाईल वाचून झालेली असते, छापून झालेली असते, निम्म्या अभ्यासिकेत फिरून आलेली असते. हॉटेलात मिसळ खाऊन झाल्यावर प्लेट रिकामी करून दाखवायची आणि म्हणायचं, बघा, प्लेट तुमची तुम्हाला परत, आता पैसे द्या. कोणता हॉटेलवाला देईल?

आणि त्याचं गेलेलं असतंच. तलाठ्यापासून वनरक्षकापर्यंतच्या जुन्या प्रश्नपत्रिका जमवून, उत्तरं तपासून, टाइप करून एक संच बनवायला त्या पोराचे अडीच महिने गेले. युनिकोड आणि जुना फॉन्ट यांच्या भांडणात मराठी जोडाक्षरं कशी फुटतात हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. ते अडीच महिने १४९ रुपयांच्या हप्त्यांत वसूल होत असतात.

आता कायद्याचं. कारण दोन्ही बाजू कायद्याचं नाव घेतात आणि दोन्ही बाजूंनी तो वाचलेला नसतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात डिजिटल वस्तू स्पष्ट शब्दांत धरलेल्या आहेत. म्हणजे "हे तर पीडीएफ आहे, याला कायदा लागत नाही," असं म्हणणारा विक्रेता चुकतोय. हौसेनं एखादी गोष्ट एकदा कुणाला विकली तर गोष्ट वेगळी. पण नियमित धंदा करत असाल तर तुम्ही विक्रेता, मग दुकान व्हॉट्सॲपवर का असेना. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितली तशी नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीत दिली नसेल, तर पैसे परत करायला नाही म्हणता येत नाही. परताव्याची मुदत पावतीवर लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत द्यायचे. पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. त्यामुळं स्टेटसच्या खाली 'नो रिफंड' असं लाल अक्षरात लिहिलं म्हणजे कवच मिळालं, असं कुणी समजू नये. आपल्या बाजारपेठेत 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखाली तीन पिढ्या धंदा झाला, पण माल खराब निघाला तर त्या पाटीला कायद्यात किंमत नाही.

दुसरी बाजू. "मला आवडलं नाही", "आता गरज नाही", "मित्राकडं फुकट मिळालं", "बायको ओरडली" यापैकी कोणत्याही कारणासाठी पैसे परत मागायचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. युरोपात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत विनाकारण रद्द करता येते, हे काही जणांनी रीलमध्ये बघितलंय आणि तेच इथं सांगत फिरतात. एकतर तो नियम तिथला. आणि तिथंसुद्धा ग्राहकाच्या संमतीनं डिजिटल वस्तूचं डाउनलोड सुरू झालं आणि हक्क जातोय हे त्यानं मान्य केलेलं असलं, की ते चौदा दिवस संपतात. मोठ्या कंपन्यांकडं बघा. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर साधारणपणे परत होतो. किंडलवर लोक अख्खी पुस्तकं वाचून परत करायला लागले तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं आवाज उठवला, आणि २०२२ मध्ये ॲमेझॉननं मान्य केलं की दहा टक्क्यांच्या पुढं वाचलेलं पुस्तक आपोआप परत होणार नाही. म्हणजे उदार धोरणवाल्यांनीसुद्धा कुठंतरी रेघ मारलीच आहे. मिसळीचे दोन घास खाऊन "आंबट लागतेय" म्हणालात तर ऐकून घेऊ, प्लेट चाटूनपुसून नाही.

अजून एक कागद हल्ली फार नाचवला जातो. २०२४ च्या जानेवारीत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच क्लास सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण ते क्लाससाठी आहे. १९९ रुपयांच्या पीडीएफमध्ये 'उरलेला काळ' कोणता? एक बहाद्दर म्हणाला, "माझी ऐंशी पानं वाचायची राहिली, तेवढ्याचे द्या."

या सगळ्यात मला सारखी आठवण होते बियाण्याची. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग लागला होता, आठवत असेल. पेरलेलं उगवलं नाही, म्हणजे माल परत करायचा प्रश्नच नाही, तो मातीत गेला. तरी शेतकऱ्याची तक्रार शंभर टक्के रास्त. कारण पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते आणि ती निघाली नाही. त्यासाठी शेतकऱ्यानं पिशवी, टॅग, पावती जपून ठेवायची, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज द्यायचा, समिती येऊन पंचनामा करणार. वस्तू वापरली की परतावा बंद, असा नियम आहे असं मी म्हणत नाही. सांगितलं काय आणि दिलं काय, एवढंच बघायचं असतं. पण ज्या शेतकऱ्याचं बी उगवलं, पीक आलं आणि बाजारात भाव पडला, तो बियाणंवाल्याकडं जात नाही. भाव पाडणारा वेगळा, हे त्याला नीट कळतं. सराव संच घेऊन मैदानीत बाद झालेल्याला ते का कळू नये?

आता विकणाऱ्यांनो, तुमच्याकडं वळतो. खूश होऊ नका.

अतार्किक मागण्यांना निम्मं खतपाणी तुम्हीच घातलंय. 'हा संच वाचा, निवड पक्की', 'शंभर टक्के प्रश्न यातूनच' असं स्टेटसला कोण लिहितं? मग ज्याची निवड झाली नाही तो पैसे मागणार नाही तर काय करेल? तुम्ही पीडीएफ विकली नाहीत, नोकरी विकलीत. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचंच घ्या. नवी वर्णनात्मक पद्धत २०२३ ऐवजी २०२५ पासून लागू होणार, हे पुण्यातल्या मुलांच्या आंदोलनानंतर जाहीर झालं. जाहीर होऊन बराच काळ गेला तरी जुन्या वस्तुनिष्ठ पद्धतीच्या नोट्स 'नवीन आवृत्ती' म्हणून नवीन मुखपृष्ठ लावून विकल्या गेलेल्या मी स्वतः पाहिल्यात. यात परतावा मागणारा अजिबात अतार्किक नाही. त्याला पैसे द्या, वर माफी मागा.

काही जण तर दुसऱ्याचं छापील पुस्तक मोबाईलच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करून विकतात आणि वर 'कॉपीराइट राखीव' लिहितात. त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. त्यांच्याविरुद्ध आलेली तक्रार मी आनंदानं छापतो.

ब्लाऊजच्या नमुन्यांचं उदाहरण मात्र शिकण्यासारखं आहे. आपल्याकडची एक ताई कटिंगचे नमुने विकते, पूर्ण मापाचे, चार-सहा पानं छापायची आणि चिकटवायची. तिला एकाच महिन्यात सात जणींनी पैसे मागितले. "माप लहान येतंय, फसवलं." झालं असं की झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू असायचा, त्यामुळं नमुना आपोआप आक्रसायचा. चूक झेरॉक्सवाल्याची, पण ताईनं भांडण केलं नाही. पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन काढला आणि मराठीत लिहिलं, 'आधी हे एकच पान छापा. चौकोन पट्टीनं मोजा. बरोबर एक इंच भरला तरच पुढची पानं छापा. प्रिंट शंभर टक्के आकारात काढायला सांगा.' त्या सात जणींना नवीन फाईल पाठवली. पाच जणींचं काम झालं, दोघींना तरी पैसेच पाहिजे होते, त्यांना दिले. कारण सूचना आधी नव्हती, हे तिला मान्य होतं. त्यानंतर मापावरून आलेल्या मागणीला ती नाही म्हणते, आणि ताठ मानेनं म्हणते. मला या सगळ्या प्रकरणात तिच्याइतकं स्वच्छ वागलेलं कुणी दिसलं नाही.

पण नाही म्हणणं आपल्या गावात सोपं नसतं. शहरातल्या कंपनीला नाही म्हणायला एक ईमेल लागतो. इथं मागणारा मावशीच्या जावेचा मुलगा असतो. संध्याकाळी वडिलांना पारावर कुणीतरी टोकतं, "तुझ्या पोरानं अमक्याच्या पोराचे दीडशे रुपये बुडवले म्हणं." वडील घरी येऊन म्हणतात, देऊन टाक बाबा, दीडशेसाठी कुठं नाव खराब करतो. हा दबाव कुठल्याही कायद्यात बसत नाही. आणि देऊन टाकलं की प्रकरण मिटत नाही, तिथून सुरू होतं. एका अभ्यासिकेत चाळीस मुलं बसतात. एकाला पैसे परत मिळाले हे रात्री दिवे बंद व्हायच्या आत चाळिसांना कळतं. तिसऱ्या दिवशी चार मेसेज तयार, चौघांचं कारण शब्दाला शब्द एकच.

याहून वाईट प्रकार आता सुरू झालाय आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसलो.

पोलीस भरतीचे संच विकणाऱ्या एका मुलाकडं दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्राहकानं १४९ रुपये परत मागितले. संच पूर्ण गेला होता, उघडला होता, दोन आठवडे उलटले होते. मुलानं नाही म्हटलं. ग्राहकानं रागाच्या भरात १९३० ला फोन लावला आणि सायबर फसवणूक झाली म्हणून तक्रार नोंदवली. आता ती हेल्पलाइन काय करते? कुणाच्या खात्यातून लाखभर रुपये उडाले तर ते पुढं सरकायच्या आत जिथं गेले तिथं अडवायचे, हे तिचं काम. फार चांगली सोय आहे, लोकांचे पैसे वाचलेत तिच्यामुळं. पण त्याच यंत्रणेतून या पोराचं खातं गोठलं. १४९ रुपयांसाठी अख्खं खातं. आणि त्याच खात्यात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल जमा व्हायचं. वडिलांचं वेगळं खातं होतं, पण त्याला मोबाईल जोडलेला नव्हता म्हणून सगळं याच्याच खात्यावर घेतलेलं.

तेवीस दिवस. पशुखाद्याची दोन पोती उधारीवर आली. बँकेत गेला की शाखाधिकारी म्हणायचे, पोलिसांकडून पत्र आणा. इथलं पोलीस ठाणं म्हणायचं, तक्रार तिकडची, तिकडं बोला. तिकडचा फोन लागला तर लागला. शेवटी जाहिरात, पैसे आल्याची नोंद, फाईल गेल्याची वेळ, दोन आठवड्यांचं चॅट असं सगळं एका ईमेलमध्ये घालून पाठवलं. तिकडच्या अंमलदारानं तक्रारदाराला बोलावल्यावर तो म्हणाला, मला एवढं व्हायला नको होतं, मला फक्त झटका द्यायचा होता. त्यानं तक्रार मागं घेतली, पत्र निघालं, खातं मोकळं झालं.

झटका द्यायचा होता! खोटी माहिती देऊन पोलिसांना कामाला लावणं हा गुन्हा आहे, हे त्या भरतीच्या उमेदवाराला, होऊ घातलेल्या पोलिसाला, कुणी सांगायचं? आणि ज्या वेळात त्याची तक्रार कुणीतरी नोंदवून घेत होतं, त्याच वेळात खरंच लुबाडलेली एखादी म्हातारी फोन लावत बसली असेल.

तरीही त्या पोराला नुसता नालायक म्हणून मोकळं होता येत नाही मला. हा राग येतो कुठून? २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गाला एक हजार आणि राखीवला नऊशे रुपये फी होती. जागा साडेचार हजारांच्या थोड्या वर, अर्ज दहा लाखांच्या वर. २०१९ ची जिल्हा परिषदेची भरती तर परीक्षाच न होता रद्द झाली आणि फीचा परतावा हातात पडायला काही वर्षं गेली. तिथं 'मला पैसे परत द्या' म्हणायला दार नाही, नंबर नाही, निळी टिक नाही. पाच वर्षं खोलीभाडं, मेस, अभ्यासिका, फी असा खर्च केलेला मुलगा कुणाकडून तरी काहीतरी परत मिळवू बघतो. आणि समोर उत्तर देणारा, नाव माहीत असलेला, रात्री अकराला ऑनलाइन असलेला माणूस एकच, १४९ चा संच विकणारा. तोही बऱ्याचदा काल-परवापर्यंत त्याच अभ्यासिकेत बसलेला असतो. सरकारनं घेतलेल्या हजारावर गप्प बसणारे आपण, याच्या दीडशेवर मात्र लढतो. कारण हा सापडतो.

मग विकणाऱ्यानं करायचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

मागणी आली की आधी चिडू नका, विचारा, नेमकं काय चालत नाही. फाईल उघडत नाही, पानं गायब आहेत, उत्तरं चुकलीत, जाहिरातीत सांगितलेला भाग नाही, असं काहीही असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा किंवा पैसे द्या, आणि बाकीच्या ग्राहकांना न मागता नवीन फाईल पाठवा. दोष नसेल तर नाही. आमदारांच्या पीएचा फोन आला तरी नाही. पण ते नाही म्हणणं एकदाच, लेखी आणि आदरानं. 'दादा, संच १२ तारखेला दुपारी चारला पाठवला, जाहिरातीप्रमाणे पूर्ण आहे. परतावा देता येणार नाही. एखादं पान उघडत नसेल तर सांगा, आज करून देतो.' एवढं पुरे. पुढचे सतरा मेसेज वाचा, जपून ठेवा, उत्तर देऊ नका. स्टेटसला टोमणे तर अजिबात मारू नका.

पैसे परत करायचे ठरलं तर ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर करा. "माझ्या मित्राच्या नंबरवर टाका," असं कुणी म्हणालं की थांबा. चोरीचे पैसे एका खात्यातून फिरवून दुसऱ्यात काढायला ही युक्ती वापरतात, आणि उद्या मूळ खातेदारानं तक्रार केली तर तुमचे दुप्पट जातील. "चुकून दोनदा पेमेंट झालं," म्हणून स्क्रीनशॉट आला तर स्क्रीनशॉट बघू नका, स्वतःचं बँक खातं बघा. आणि पैसे परत 'घ्यायला' कुणाला पिन टाकावा लागत नाही, हे ग्राहकालाही सांगा, म्हणजे तुमच्या नावावर दुसरा कुणी त्याला लुबाडणार नाही.

बाकी कामं विक्रीच्या आधीची. नमुन्याची आठ-दहा पानं फुकट दाखवा. कोणती परीक्षा, कोणता अभ्यासक्रम, किती पानं, कधी अद्ययावत केलं, हे जाहिरातीतच लिहा. परतावा कधी मिळेल आणि कधी नाही, हे क्यूआर कोडच्या वर लिहा, खाली नाही. साध्या मराठीत, चार ओळीत. पावती द्या, फोनमधून बनवलेली चालेल. प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव फिकट अक्षरात छापा, टेलिग्रामवर फाईल फिरायचं थोडं तरी कमी होतं. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. दुधाचं बिल, आईची पेन्शन, ऊसबिल त्यात येऊ देऊ नका.

घेणाऱ्यांसाठीही सांगतो, खरंच फसला असाल तर रस्ते आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता नंदुरबारचा असो की सावंतवाडीचा. १९३० हा नंबर आर्थिक सायबर गुन्ह्यासाठी आहे. पीडीएफ आवडली नाही म्हणून तो फिरवू नका.

आणि माझ्याकडं बातमीसाठी यायचं असेल तर तीन गोष्टी घेऊन या. विकत घेतली त्या वेळची जाहिरात, पैसे दिल्याची नोंद, आणि विक्रेत्याला तुम्ही काय लिहिलं व त्यानं काय उत्तर दिलं ते पूर्ण चॅट, मधले मेसेज न उडवता. तिन्ही बघून तक्रार खरी वाटली तर बातमी लावतो, विक्रेता माझ्या भावकीतला असला तरी. गेल्या दोन महिन्यांत अकरा जण आले. पूर्ण चॅट दाखवायला तयार झाले तिघं. त्यातल्या दोघांच्या बातम्या लागल्या, दोघांनाही पैसे मिळाले. तिसऱ्यानं चॅट दाखवता दाखवता स्वतःच फोन खिशात घातला आणि म्हणाला, "राहू द्या साहेब, चहा घेऊ."